खाणं, कॅलरी आणि पाणी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक मला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अपवाद आणि अडचणीचे शेवटी. प्रश्न १ ते १९ची उत्तरं निरोगी प्रौढांसाठी आहेत. तुम्हाला मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल, दिवस गेले असतील किंवा रोजची औषधं चालू असतील, तर आधी प्रश्न २० आणि २१ वाचा.

१. मला आजपासून नीट खायचं आहे. सुरुवात कुठून करू?

ताटापासून करा. काटा, ॲप आणि तक्ते नंतर बघू. ताटाचे मनातल्या मनात चार भाग पाडा. दोन भाग भाज्या आणि फळं, एक भाग धान्य (शक्यतो कोंड्यासकट), आणि एक भाग प्रथिनं देणारं काहीतरी: डाळ, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन किंवा दही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, आणि बटाट्यासारखे पिष्टमय कंद त्यात धरत नाही. बटाटा धान्याच्या भागात मोजा.

पहिले दोन आठवडे दोनच गोष्टी करा: भाज्यांचा अर्धा भाग खरोखर भरा आणि गोड पेयांच्या जागी पाणी घ्या. एका सोमवारी सगळंच बदलणारी माणसं तिसऱ्या आठवड्यात जुन्या ताटाकडे परतलेली मी फार पाहिली आहेत. सावकाश बदलणारी टिकतात.

२. कॅलरी म्हणजे नेमकं काय? पाकिटावर कधी कॅलरी लिहितात, कधी किलोकॅलरी, कधी किलोज्यूल.

कॅलरी हे ऊर्जा मोजायचं माप आहे. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी ऊर्जा लागते ती एक किलोकॅलरी. आहाराच्या बोलण्यात आपण ज्याला 'कॅलरी' म्हणतो ती खरं तर किलोकॅलरीच असते, त्यामुळे '२०० कॅलरी' आणि '२०० किलोकॅलरी' यांत घाबरण्यासारखा फरक नाही. किलोज्यूलचा आकडा मात्र मोठा दिसतो: १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. पाकिटावर ८३७ किलोज्यूल दिसलं तर ते साधारण २०० कॅलरी.

ही ऊर्जा येते कुठून? कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून ४, प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून ९ आणि मद्यार्काच्या एका ग्रॅममधून ७ कॅलरी. हे ढोबळ आकडे विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आले आणि आजही लेबलं त्यांवरच चालतात. ते सरासरी आहेत. बदामाचंच पाहा: २०१२ साली प्रत्यक्ष मोजणीत २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळाल्या, तर हिशेबाने त्या १७०च्या आसपास धरल्या जात होत्या. बदामातली काही चरबी पेशींच्या भिंतीआड राहते आणि न पचता बाहेर पडते. म्हणून लेबलवरचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत खरा मानू नका.

३. मला दिवसाला किती कॅलरी लागतात?

वजन, उंची, वय, लिंग आणि हालचाल यांवर ते ठरतं. १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र आज सर्वाधिक वापरलं जातं:

(१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय). पुरुषांनी यात ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

वय ३०, वजन ६० किलो, उंची १६० सेंटिमीटर अशी स्त्री घेऊ. ६०० + १००० − १५० − १६१ = १२८९. दिवसभर पडून राहिली तरी तिच्या हृदयाला, मेंदूला, यकृताला एवढं लागणारच. बैठं काम असेल तर याला १.२ने गुणायचं, म्हणजे सुमारे १५५०. आठवड्यातून दोन-तीन दिवस हलका व्यायाम असेल तर १.३७५ने, म्हणजे सुमारे १७७०. रोज बऱ्यापैकी व्यायाम असेल तर १.५५ने.

इथे लोक दोन चुका करतात. एक, हालचालीचा गुणक स्वतःवर प्रेमाने जास्त धरतात. दिवसाचे नऊ तास खुर्चीत जात असतील तर अर्ध्या तासाच्या चालण्याने माणूस 'बराच सक्रिय' गटात जात नाही. दोन, आलेला आकडा पक्का मानतात. तो अंदाज आहे. दोन-तीन आठवडे त्या आकड्याजवळ खा, वजन पाहा. स्थिर राहिलं तर तोच तुमचा आकडा. सरकलं तर शंभर-दीडशेने खालीवर करा.

४. कॅलरी मोजल्याच पाहिजेत का?

नाही. ताटाची पद्धत (प्रश्न १) पाळून बहुतेकांचं काम होतं. पण दोन आठवडे मोजून पाहायला मी सांगते, कारण अंदाज कुठे चुकतो ते त्यातून कळतं. तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधारण १२० कॅलरींचा असतो. हे एकदा समजलं की पातेल्यात हात आपोआप जपून जातो. ते शिकलात की मोजणं सोडलं तरी चालेल. मोजण्याने मन कुरतडायला लागलं असेल तर मात्र प्रश्न २२ आधी वाचा.

५. मी मोजून १२०० कॅलरीच खातो, तरी वजन हलत नाही. माझं शरीर वेगळं आहे का?

या प्रश्नामागचा त्रास खरा असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९९२ साली अमेरिकेत नेमकं हेच म्हणणाऱ्या दहा जणांचा अभ्यास झाला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते १२०० कॅलरींपेक्षा कमी खात होते आणि तरी वजन उतरत नव्हतं. त्यांची चयापचय क्रिया तपासली तर ती व्यवस्थित निघाली. प्रत्यक्षातलं खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटं बोलत नव्हती. खाल्लेलं आठवणं हे मुळात अवघड काम आहे, आणि जे निसटतं ते प्रत्येकाचं साधारण सारखंच असतं: फोडणीचं तेल, स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, कॉफीतलं दूध आणि साखर, सुट्टीच्या दिवसाची जेवणं. आठवड्याचे पाच दिवस ४०० कॅलरी वाचवल्या आणि दोन दिवसांत हजार-हजार जादा खाल्ल्या, तर हिशेब शून्यावर येतो.

म्हणून सात दिवस, सुट्टीसकट, तोंडात जाईल ते तेव्हाच्या तेव्हा लिहा. रात्री आठवून लिहू नका. घट्ट पदार्थ वाटीने मोजण्यापेक्षा काट्यावर ठेवा आणि कच्च्या-शिजलेल्याचा घोटाळा टाळा (प्रश्न ६). वजन उतरत असूनही काट्यावर न दिसण्याचं कारण पाणी असू शकतं (प्रश्न ८). इतकं करूनही सहा आठवडे काही हललं नाही, थकवा आहे, थंडी सोसत नाही, पाळी अनियमित आहे, असं काही असेल तर डॉक्टरांना भेटून थायरॉइड तपासा. काही औषधांनीही वजन वाढतं. ती मनाने बंद करायची नसतात, डॉक्टरांशी बोलायचं असतं.

६. धान्य कच्चं मोजायचं की शिजल्यावर?

कसंही मोजा, पण तक्ता त्याच अवस्थेचा वापरा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३६० कॅलरी असतात. तो शिजताना पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट वजनाचा होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात १३०च्या आसपास कॅलरी भरतात. भात तोलून कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर जेवण कागदावर पावणेतीन पट होतं. उलट झालं तर दुपारचं अर्धं जेवण हिशेबातून गायब. मांसाचं याच्या उलट असतं: शिजताना पाणी सुटून वजन कमी होतं.

७. वजन कमी करायला किती कमी खाऊ? पटकन व्हावं म्हणून ८०० कॅलरींवर राहिलो तर?

प्रश्न ३मध्ये आलेल्या आकड्यातून रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी करा. एक किलो शरीरचरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोज ५०० कमी केल्यास सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास फरक पडतो. पुढे तो वेग राहत नाही. शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी, आणि नकळत हालचालही मंदावते. हा तुमचा आळस नव्हे.

८०० कॅलरींचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. कमी खाण्याचं शरीरावर आणि मनावर काय होतं ते अन्सेल कीज यांच्या मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाने दाखवून दिलं. १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. दिवसाला त्यांना साधारण १६०० कॅलरी मिळत होत्या आणि चालणंही भरपूर होतं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटलं, पण त्यासोबत चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार आला. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पूर्ण जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही खाण्याशी असलेलं नातं पूर्वपदावर यायला अनेक महिने गेले. 'मनावर ताबा नाही' म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग सांगते. भुकेल्या शरीराचं ते साधं वागणं आहे.

८. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं आणि मग थांबलं. काय चुकलं?

काही चुकलं नाही. यकृत आणि स्नायू साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं, विशेषतः कर्बोदकं, कमी केली की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. अडीच किलोतला बराचसा भाग तो होता. चरबी त्यानंतर आपल्या संथ गतीने उतरत राहते. खारट जेवण, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठता, नवा व्यायाम यांनीही काटा किलो-दोन किलो हलतो. रोजचा आकडा मनावर घेण्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहा.

९. साखर सोडली, तिच्याऐवजी मध आणि तपकिरी साखर घेते. ते चालेल ना?

शरीराच्या दृष्टीने तीही साखरच. तिच्यातल्या खनिजांचं प्रमाण इतकं थोडं आहे की त्यासाठी ती खाण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस या सगळ्यांना एकाच गटात धरते आणि तो गट एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगते. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा चहाचे चमचे. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नका. त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

अख्खं फळ या गटात येत नाही. त्यात तंतू असतात, चावायला वेळ लागतो, पोट भरतं. चार संत्री एका बैठकीत कुणी सहसा खात नाही, पण त्यांचा रस दोन मिनिटांत संपतो.

साखरेऐवजी गोडव्याच्या गोळ्या घ्यायच्या का, हेही विचारलं जातं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांवर अवलंबून राहू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

१०. कर्बोदकं बंद करू का? निदान रात्रीची?

गरज नाही. कोंड्यासकटचं धान्य, कडधान्यं, फळं यांतूनच रोजचे किमान २५ ग्रॅम तंतू मिळतात. ते सोडले की पोट साफ होत नाही म्हणून त्रास सुरू होतो. मैदा आणि साखर कमी केली तर त्याचा फायदा नक्की दिसेल. रात्रीचं म्हणाल तर घड्याळापेक्षा दिवसभराची बेरीज जास्त मोजली जाते. झोपेआधी भरपेट जेवल्याने छातीत जळजळ होत असेल तर जेवण थोडं आधी घ्या.

११. प्रथिनं किती हवीत? पावडर घ्यावीच लागेल का?

निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साठी उलटलेल्यांना १ ते १.२ ग्रॅम प्रतिकिलो बरं, कारण स्नायू झिजत असतात; वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांना आणखी थोडं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. डाळी, कडधान्यं, सोयाबीन, दूध-दही, मासे यांतून हा आकडा गाठता येतो आणि मग पावडरीची गरज उरत नाही. सगळं एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांना वाटून घ्या. पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहील.

१२. तेल आणि मीठ: किती, आणि कुठलं?

एकूण ऊर्जेपैकी ३० टक्क्यांपर्यंत स्निग्ध पदार्थांतून आली तर ठीक. त्यातही संपृक्त चरबी (लोणी, चरबीयुक्त मांस, खोबरेल, पाम तेल) १० टक्क्यांखाली आणि ट्रान्स फॅट (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी चरबी) १ टक्क्याखाली. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, ऑलिव्ह अशी द्रव वनस्पती तेलं चांगली आहेत, पण 'चांगल्या' तेलातही ग्रॅममागे ९ कॅलरीच असतात.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, सगळं धरून. पाव, सॉस, चिप्स, तयार सूप यांतलं मीठ जिभेला तितकं जाणवत नाही, म्हणून तेच मोजण्यातून सुटतं. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

१३. पाकीटबंद पदार्थ खरंच इतके वाईट आहेत का, कॅलरी सारख्याच असल्या तरी?

केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नेमकं हेच तपासलं. २०१९ साली निष्कर्ष आले. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं, तयार) अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं अन्न दिलं. दोन्हीकडे वाढलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू, मीठ सारखं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तितकंच कमी झालं. मऊ अन्न भराभर पोटात जातं आणि 'पुरे' हा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत ताट रिकामं होतं, हे त्यामागचं एक कारण असावं.

गोठवलेले मटार, साधं दही, डबाबंद कडधान्यं हीसुद्धा पाकीटबंदच, पण त्यांना घाबरायचं कारण नाही. लेबलवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर, पाक किंवा मैदा दिसला तर ते रोजचं अन्न नव्हे. आणि 'एका वाढणीतल्या कॅलरी' वाचल्यावर पाकिटात किती वाढण्या आहेत तेही पाहा.

१४. पस्तिशीनंतर चयापचय मंदावतं म्हणतात. आता काही उपयोग आहे का?

आहे. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्या ६४००हून अधिक माणसांच्या ऊर्जावापराचे आकडे एकत्र पाहिले. शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले तर २० ते ६० या वयांत चयापचय जवळजवळ स्थिर राहतं. घट साठीनंतर सुरू होते, तीही हळूहळू. मधल्या वर्षांत बदलते ती हालचाल, झोप आणि स्नायूंचं प्रमाण, आणि ही तिन्ही बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

१५. दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं का?

आठच्या आकड्याला शास्त्रीय आधार नाही. हाइन्झ व्हाल्टिन या किडनीतज्ज्ञाने २००२ साली त्याचा माग काढला तेव्हा निरोगी माणसाने रोज आठ ग्लास प्यावेत असं सांगणारा पुरावा त्याला सापडला नाही. १९४५ सालच्या एका अमेरिकन शिफारशीत अडीच लिटरचा उल्लेख होता, पण त्यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं असंही तिथेच लिहिलं होतं. पुढचं वाक्य लोक विसरले.

आजच्या शिफारशी अशा: युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली स्त्रियांना २ लिटर आणि पुरुषांना २.५ लिटर सांगितलं. अमेरिकेच्या २००४ सालच्या अहवालात २.७ आणि ३.७ लिटर आहे. आकडे मोठे वाटतात, पण त्यांत अन्नातलं पाणी, दूध, चहा, कॉफी, सूप सगळं आलं. अन्नातून साधारण पाचवा हिस्सा मिळतो. काकडी तर ९५ टक्के पाणीच असते. निरोगी माणसाने तहान लागली की प्यावं, जेवणासोबत प्यावं, आणि उन्हात, तापात, व्यायामात (प्रश्न १८) वाढवावं.

१६. मी पुरेसं पाणी पितेय हे कळणार कसं?

लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा आणि प्रमाण कमी असेल तर पाणी वाढवा. दिवसभर पाण्यासारखी स्वच्छ असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून ठरवू नका. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग भडक पिवळा होतो आणि बीटने गुलाबी. बीट न खाता लाल दिसली तर मात्र डॉक्टर. भरपूर पिऊनही तहान भागत नसेल आणि सारखं लघवीला जावं लागत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

१७. चहा-कॉफी पाण्यात धरायची? जेवताना पाणी पिऊ नये म्हणतात, थंड पाण्याने चरबी जळते म्हणतात, लिंबूपाण्याने शरीर साफ होतं म्हणतात...

एकेक घेऊ. चहा-कॉफी धरायची. कॅफिनने लघवी किंचित वाढते, पण रोज पिणाऱ्यांमध्ये त्या कपातलं पाणी शरीराला मिळतंच. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, गर्भवतींना २००पर्यंत.

जेवताना पाणी पिण्याने निरोगी माणसाचं पचन बिघडत नाही. उलट जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी पिणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांचं, कमी कॅलरींच्या आहारासोबत, १२ आठवड्यांत साधारण दोन किलो जास्त वजन उतरल्याचं एका चाचणीत दिसलं.

थंड पाण्याचा हिशेब प्रश्न २मधल्या व्याख्येवरून घरीच करता येतो. अर्धा लिटर पाणी ५ अंशांवरून ३७ अंशांवर आणायला ०.५ × ३२ = १६ कॅलरी. चरबी जाळायचा हा मार्ग नव्हे.

लिंबूपाणी चवीला छान, साखर न घालता जरूर प्या. शरीर साफ करायचं काम यकृत आणि किडन्या करतात.

१८. व्यायामात आणि उन्हात किती प्यावं? जास्त पाणी पिण्याने काही होतं का?

व्यायामाआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. जेवढे किलो घटले तेवढे लिटर घाम गेला असं साधारण धरता येतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी गेलं की दम लवकर लागतो आणि लक्ष विचलित होतं. तासाभराच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. कित्येक तास घाम गाळायचा असेल तर मीठही भरून काढावं लागतं.

जास्त पाण्याने होतं, आणि गंभीर होऊ शकतं. निरोगी किडन्या तासाला साधारण ०.८ ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी ज्यांनी प्यायलं होतं, त्यांना हा धोका अधिक होता. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं पाणी कमी पडल्याचीही असतात आणि जास्त झाल्याचीही. भरपूर पिऊनही ती दिसत असतील तर आणखी पाजू नका, दवाखान्यात न्या.

१९. जुलाब-उलट्या होत असताना नुसतं पाणी पुरेल?

नाही, क्षारही जातात. ओआरएसची पुडी आणून तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळा. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मिठाचं प्रमाण वाढवू नका. घोट घोट द्या. लघवी बंद होणं, डोळे खोल जाणं, सुस्ती, शौचातून रक्त, किंवा पोटात काहीच न ठरणं यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. लहान मुलांची तब्येत काही तासांत ढासळते.

२०. मला मधुमेह / किडनीचा / हृदयाचा आजार आहे. यातलं काय लागू नाही?

इन्शुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने जेवण टाळू नका आणि कर्बोदकं अचानक कमी करू नका. औषधाचा डोस आधी बदलावा लागतो. हृदय कमकुवत असेल किंवा किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात असेल तर पाणी मोजून सांगितलेलं असतं. तिथे प्रश्न १५ विसरा आणि डॉक्टरांचा आकडा पाळा. किडनीच्या काही रुग्णांना प्रथिनं आणि पोटॅशियमवरही मर्यादा असते. याउलट मुतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात.

औषधांतले दोन अपवाद सहसा कुणी सांगत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये, कारण त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) घेणाऱ्यांनी पाणी आणि मीठ दोन्ही अचानक बदलू नये.

२१. गरोदरपणात, बाळाला आणि म्हाताऱ्या माणसांना काय वेगळं?

'दोघांसाठी खा' हे खरं नाही. पहिल्या तिमाहीत जवळजवळ काहीच जादा लागत नाही, दुसरीत रोज साधारण ३४० आणि तिसरीत ४५० कॅलरी. या काळात वजन कमी करायचा आहार नको.

सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी देऊ नका, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. पाण्याने बाळाचं पोट भरतं आणि सोडियम उतरतं.

वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून 'तहान लागली की प्या' हा सल्ला सत्तरीतल्या आई-वडिलांना पुरत नाही. प्रत्येक जेवणासोबत आणि प्रत्येक औषधासोबत पेला हातात द्या. रात्री उठावं लागतं म्हणून ते पाणी टाळत असतील तर दिवसा जास्त आणि संध्याकाळनंतर कमी, असं वाटून द्या.

२२. मोजायला लागल्यापासून डोक्यात दुसरं काही येतच नाही. हे सगळ्यांचं होतं का?

थोडे दिवस होतं, मग ओसरतं. पण खाल्ल्यावर अपराधी वाटतं, चारचौघांत जेवणं टाळता, लपून खाता, खाल्लेलं उलटी करून किंवा व्यायामाने 'फेडता', पाळी थांबली आहे, चक्कर येते, यांतलं काही असेल तर मोजणं आजच थांबवा. ॲप काढून टाका, काटा नजरेआड ठेवा. हा खाण्याशी निगडित आजार असू शकतो. तो कुठल्याही वयाच्या, कुठल्याही वजनाच्या स्त्री-पुरुषाला होतो आणि उपचारांनी बरा होऊ शकतो. आधी डॉक्टरांना, मग मानसोपचारतज्ज्ञाला भेटा; एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर घरातल्या कुणाला सोबत घ्या. तोवर जेवणाच्या वेळा चुकवू नका. प्रश्न १मधलं चार भागांचं ताट आकड्यांशिवायही वाढता येतं, आणि बरं होण्याच्या काळात उपचार करणारे तज्ज्ञ ताटात काय आणि किती वाढायचं ते तुमच्यासोबत बसून ठरवतील.